पाठीवरचे काळे, खाजरे डाग: आधी खाज, मग रंग

प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, राहणार सोलापूर. तीन-चार वर्षांपासून पाठीच्या वरच्या भागावर, दंडांवर आणि आता नडग्यांवर काळपट, खरखरीत डाग. संध्याकाळी आणि अंथरुणाला पाठ टेकली की खाज वाढते. बद्धकोष्ठही आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी ‘मॅक्युलर अमायलॉइडोसिस’ असं निदान लिहून दिलं. ते नाव मोबाईलवर शोधलं तर हृदय आणि मूत्रपिंड निकामी होण्याची माहिती समोर आली आणि झोपच उडाली. मधल्या काळात दुकानातून आणलेली ट्यूब, लिंबू, बेसन, बावचीचं तेल असं सगळं करून झालं. आता विचारणा अशी की रक्त अशुद्ध आहे का, पंचकर्म करावं का, डाग जातील का, आणि मुलीलाही हे होईल का?

ताई, आधी मोबाईलवरची भीती काढून टाकू. अमायलॉइड हा प्रथिनाचा एक प्रकारचा गाळ. तो हृदयात किंवा मूत्रपिंडात साचतो तो आजार वेगळा. तुमच्या डागांतला गाळ त्वचेच्याच वरच्या थरातल्या पेशींच्या मोडतोडीतून, त्यांच्यातल्या केराटिन या प्रथिनापासून तयार होतो आणि तिथेच राहतो. तो आतल्या अवयवांकडे जात नाही. नाव सारखं असल्यामुळे घाबरून माझ्याकडे आलेल्या बायका कमी नाहीत.

अशी पाठ घेऊन कोणी आलं की नाडी-जीभ पाहण्याआधी मी विचारते, अंग कशानं घासता? उत्तर बहुतेक वेळा तेच येतं. दोन्ही टोकांना धरून पाठीवर ओढायची नायलॉनची लांब घासणी. कोणी काथ्या वापरतं, कोणी टाचांसाठी आणलेली वजरी कोपर-नडगीवरही फिरवतं. त्यात सोलापूर म्हणजे टॉवेलचं गाव. जाड, नवा, खरखरीत टॉवेल घेऊन पाठ लाल होईपर्यंत पुसली की कुठं स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. मग डाग दिसायला लागतात, ते मळासारखे वाटतात, म्हणून आणखी जोरात घासलं जातं. वर्षानुवर्षं हेच चालू राहतं.

आत काय होतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय तुम्ही घासणी टाकणार नाही. सतत घासल्यानं, खाजवल्यानं वरच्या थरातल्या पेशी मरतात. त्यांचा गाळ खालच्या थरात उतरतो आणि सोबत रंगद्रव्यही खाली सांडतं. वरच्या थरात असलेला रंग महिन्या-दोन महिन्यांत पेशी गळतील तसा निघून जातो. खाली उतरलेला रंग मात्र गोंदणासारखा बसतो. तो उचलून नेण्याचं काम शरीर करतं, पण अगदी सावकाश. त्या सावकाश चाललेल्या कामात आपण रोज आंघोळीला नवा रंग खाली ढकलत राहिलो तर कुठलंही औषध पुरं पडत नाही.

एक गोष्ट घरीच करून बघा. सकाळचं ऊन तिरपं येत असेल अशा खिडकीशी पाठ करून उभ्या राहा आणि मुलीला फोटो काढायला सांगा. डाग एकसंध दिसणार नाही. बारीक काळ्या रेघा एकमेकींना समांतर, लहरी-लहरींनी गेलेल्या दिसतील. या आजाराची ही चांगली खूण आहे. नडगीवर बोटाचं पेर हलकेच फिरवलं तर रवाळ लागेल. आता स्वतःची नखं बघा. डाव्या हातापेक्षा उजव्या हाताची नखं जास्त गुळगुळीत आणि चकचकीत असतील तर ती खाजवून घासली गेलेली आहेत. “मी खाजवतच नाही” म्हणणाऱ्यांची नखं मी आवर्जून बघते. झोपेत खाजवलेलं कोणाच्या लक्षात राहतं?

आता आयुर्वेदाच्या बाजूनं. संहितांमध्ये या आजाराचं हुबेहूब वर्णन शोधायची गरज नाही. प्रत्येक विकाराला नाव असतंच असं नाही, वैद्यानं दोष, स्थान आणि कारण बघून चिकित्सा करावी, हे चरकसंहितेतच सांगितलंय. लक्षणांनी जवळचं काही असेल तर ते किटिभ नावाचा त्वचारोग, म्हणजे सावळं-काळपट आणि घट्ट्यासारखं खरखरीत. विचर्चिका या दुसऱ्या त्वचारोगातही खाज आणि काळेपणा आहे, पण चरकांच्या विचर्चिकेत भरपूर स्राव आहे आणि तुमची त्वचा कोरडी ठणठणीत. सुश्रुतांनी सांगितलेली कोरडी, रेघारेघांची विचर्चिका त्यापेक्षा जवळची. खाज कफाची, रूक्षता, खरखर आणि काळेपणा वाताचा. आग होणं, लाली, पुरळ हे पित्ताचं किंवा रक्ताचं, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही.

हे दोषांचं गणित मी उगाच मांडत नाही. चिकित्सेची दिशा त्यावरच ठरते. कोरड्या, घासून सोललेल्या त्वचेला पहिली गरज स्नेहाची असते, तेलातुपाची. पण काळा डाग दिसला की आपल्याकडे थेट ‘रक्तशुद्धी’चे कडू काढे सुरू होतात. कारलं, कडुनिंब, किराईत, सकाळी उठून वाटीभर. कडू रस वात आणि रूक्षता वाढवतो. महिनाभरात त्वचा आणखी कोरडी पडते, खाज वाढते आणि माणूस म्हणतो, औषधानं आजार बाहेर पडतोय. बाहेर काही पडत नसतं. कडू द्रव्यं हवीतच, पण ती तुपातून. तिक्त द्रव्यांनी सिद्ध केलेली घृतं त्वचारोगांत सांगितली आहेत ती यासाठीच.

तेव्हा ‘रक्त अशुद्ध आहे का’ याचं उत्तर असं की तुम्हाला वाटतंय तसं घाण रक्त वगैरे काही नाही. त्वचारोगांत रक्ताची दुष्टी आयुर्वेद मानतो, पण तुमच्या बाबतीत ती पहिल्या क्रमांकावर नाही.

बाहेरून काय करायचं ते आधी. घासणी, काथ्या, दगड, वजरी सगळं न्हाणीघरातून बाहेर काढा. नुसतं बाजूला ठेवू नका, टाकून द्या, नाहीतर पंधरा दिवसांनी परत हातात येते. आंघोळ कोमट पाण्यानं, पाच-सात मिनिटांत. गरम पाण्यानं खाजेला तेवढ्यापुरता आराम पडतो, अर्ध्या तासानं ती दुपटीनं येते. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच. डागांवर नको. दिवाळीचं उटणंही या जागांवर लावू नका. कोरडं चूर्ण अंगावर रगडणं म्हणजे उद्वर्तन, ते कफाच्या, मेदाच्या तक्रारीत उत्तम. इथं ते घासणीचंच काम करील. बेसनाचंही तेच. अंग टिपायला मऊ, जुनी सुती साडी किंवा पंचा घ्या. टिपायचं, पुसायचं नाही.

अंगात थोडा ओलावा असतानाच तेल लावा. साध्या खोबरेलाच्या चार भागांत एक भाग करंज तेल मिसळून ठेवा. करंजाला वास येतो, घरचे कुरकुर करतील, तर रात्री करंजाचं आणि सकाळी नुसतं खोबरेल चालेल. चरकांनी खाज कमी करणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गट दिलाय त्यात करंज आहे, कडुनिंब, बहावा, दारुहळद, ज्येष्ठमध आहेत. आधी कोपराच्या आत एवढंसं लावून दोन दिवस बघा, कारण करंजही एखाद्याला चालत नाही. तेल जिरवायच्या नादात चोळू नका. तळहातानं, केसांच्या दिशेनं, वरून खाली. पाठीला मुलीला लावायला सांगा. हिवाळ्यात नडग्या फारच फुटत असतील तर कोकमाचं घट्ट तेल, ज्याला कोकणात मुठेल म्हणतात, ते वितळवून लावावं. भेगांसाठी आजी लावायच्या तेच.

खाजेची तिडीक उठली की काय करायचं, हा खरा प्रश्न. नुसतं ‘खाजवू नका’ सांगणं सोपं आहे. मी बायकांना खैरसाल आणि त्रिफळ्याचा काढा करून ठेवायला सांगते. दोन्ही मिळून साधारण मूठभर भरड, दोन लिटर पाणी, उकळून दीड लिटर, गाळून थंड. त्यात सुती फडकं बुडवून, पिळून डागावर दहा मिनिटं नुसतं ठेवायचं. वर लगेच तेल. खैर हे कुष्ठावरचं, म्हणजे एकूणच त्वचारोगांवरचं श्रेष्ठ द्रव्य मानलं आहे. कडुनिंबाच्या पानांचं पाणी सगळ्यांना माहीत असतं, पण ते त्वचा कोरडी करतं. ओल्या, चिघळलेल्या इसबाला ते ठीक, तुम्हाला नको. काढा रोज ताजा करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो. रात्रीसाठी नखं अगदी मुळाशी कापा आणि पायांत पातळ सुती मोजे घाला. ब्लाऊज सुती, मागे हूक किंवा जरीची किनार त्वचेला लागणार नाही असा.

लिंबू बंद. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते आणि भाजल्यावर नवा काळा डाग पडतो. बावचीचं तुम्ही वाचलंत ते पांढऱ्या डागांचं औषध. तिचं कामच रंग आणणं! त्यात उन्हानं भडकणारी द्रव्यं आहेत, जास्त झाली तर फोड येतात, आणि पोटातून घेतली तर यकृताला त्रास झाल्याची उदाहरणं आहेत. ‘त्वचारोगावर बावची’ असं सरसकट सांगून ती काळ्या डागांवर विकणाऱ्यांना काय म्हणावं? बिब्बा तर जवळही आणू नका.

पोटातून पंचतिक्त घृत मला इथं आवडतं. कडुनिंब, कडू पडवळ, रिंगणी, गुळवेल आणि अडुळसा या पाच कडू द्रव्यांचं तूप. सकाळी उपाशीपोटी एक चमचा, वर कोमट पाणी, कडकडून भूक लागल्यावरच जेवण. भूकच मंद असेल, जिभेवर पांढरा थर असेल तर आधी आठवडाभर सुंठ-धने घालून उकळलेलं पाणी आणि हलकं जेवण, मग तूप. कोलेस्टेरॉल जास्त असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर वैद्याला सांगितल्याशिवाय सुरू करू नका. खाज आटोक्यात आल्यावर रंगासाठी मंजिष्ठा आणि उपळसरी. प्रत्येकी अर्धा चमचा भरड रात्री कपभर गरम पाण्यात भिजवून सकाळी गाळून घ्यायची. ही दोन्ही वर्ण सुधारणाऱ्या गटातली द्रव्यं आहेत, पण खाज चालू असताना ती देऊन मला फारसा फरक दिसत नाही. गरोदरपणात मंजिष्ठा नको.

आरोग्यवर्धिनी आणि गंधक रसायन या तयार औषधांची नावं तुम्हाला कोणीतरी सांगतीलच. आरोग्यवर्धिनी मीही देते. पण तिच्यात शुद्ध पारा-गंधक एकत्र खलून केलेली काळी पूड, म्हणजे कज्जली असते, ताम्रभस्म असतं आणि जवळजवळ निम्मं वजन कुटकीचं. त्यामुळे ती यकृत, मूत्रपिंड ठीक आहेत हे बघून, ठरावीक मुदतीसाठी द्यायची. दुकानातून डबी आणून वर्षभर खायची गोष्ट नव्हे.

पथ्याबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. चाळीस पदार्थांची छापील यादी हातात दिली की माणूस आठ दिवस पाळतो आणि मग सगळंच सोडतो. तुम्ही तीनच गोष्टी बघा. शिकरण, फ्रूट सॅलड, मासे खाऊन वर दूध असे विरुद्ध आहाराचे प्रकार बंद. रात्रीचं दही आणि रोजचं लोणचं-पापड बंद. दुपारी जेवून लगेच झोपणं बंद. ज्वारीची भाकरी, मूग, दुधी, पडवळ, घरचं तूप, आमसुलाचं सार हे सगळं खुशाल. पोट साफ होत नसेल तर रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, तेवढ्यानं भागलं नाही तर त्रिफळा. पथ्यानं खाजेत किती फरक पडतो हे माणसागणिक बदलतं. घासणी टाकण्यानं पडणारा फरक मात्र जवळजवळ सगळ्यांत दिसतो.

पंचकर्म. लगेच नको. दोन-तीन महिने वरचं सगळं नीट करून खाज रेंगाळत असेल तर विचार करू, आणि तेव्हाही वमन, म्हणजे औषधानं उलटी करवणं, नको. तुमच्या रूक्ष त्वचेला आणि लिहिलेल्या बद्धकोष्ठाला नीट स्नेहपान (औषधी तूप पिणं) देऊन विरेचन, म्हणजे औषधानं जुलाब, बरं. ते शरदात, म्हणजे आश्विन-कार्तिकात येतं. आधी हिमोग्लोबिन बघायचं. स्नेहपान तीन ते सात दिवस, मधे अभ्यंग-स्वेदन (तेल लावून शेक), मग विरेचन, मग पेज-मऊभातापासून चढत जाणारा आहार, म्हणजे संसर्जन. नोकरी आणि घर सांभाळून जमेल असं बघूनच ठरवा. संसर्जन न करता कामावर पळणाऱ्या बायकांना विरेचनाचा उपयोग कमी आणि थकवा जास्त होतो. ‘शनिवार-रविवार पंचकर्म’ असा फलक दिसला तर पुढे चालू लागा. जळू लावणं घोट्याजवळच्या जाड, घट्ट, सतत खाजणाऱ्या चकत्यांना चांगलं. पाठभर पसरलेल्या पातळ डागांना त्याची गरज नसते.

दुकानातली ट्यूब कोणती होती ते तुम्ही लिहिलं नाही, पण पांढऱ्या-निळ्या खोक्यातली ‘खाज, खरूज, गजकर्ण सगळ्यांवर एकच’ अशी असेल तर तिच्यात जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असण्याची दाट शक्यता आहे. अशी अनेक स्टिरॉइड मलमं २०१८ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या यादीत गेली, तरी काउंटरवर मिळतात. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते आणि त्वचा पातळ होत जाते. चेहऱ्यावर किंवा महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम तोडू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडून टप्प्याटप्प्यानं कमी करून घ्या. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकलेलं बिनलेबलचं मलम तीन दिवसांत जादू करत असेल तर त्यातही हाच संशय घ्या. आणि खाजेनं रात्र रात्र झोप लागत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेली खाजेची गोळी काही दिवस घ्यायला माझी ना नाही. झोप मोडली की खाज वाढते. पोटातून घ्यायच्या दोन्हीकडच्या औषधांची माहिती वैद्य आणि त्वचारोगतज्ज्ञ दोघांनाही असू द्या, एवढंच.

निदानाबद्दल. तुमचं तज्ज्ञांनी बघून केलेलं आहे, म्हणून मी त्यावरच चालले. पण हे उत्तर वाचून स्वतःच्या डागांवर लागू करणाऱ्या बाकीच्यांसाठी चार गोष्टी सांगते. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड काळी त्वचा असेल तर तेल लावत बसू नका, साखर आणि वजन तपासा. गोल, कडेनं पसरणारं, कडा लाल असलेलं ते गजकर्ण. त्यावर करंज तेल आणि तूप करत बसलात तर घरभर पसरेल. मनगटावर जांभळट चपटे फोड आणि गालाच्या आत पांढरी जाळी म्हणजे लायकेन प्लॅनस हा वेगळा त्वचारोग. घोट्याच्या आतल्या बाजूला काळेपणा, खाज आणि संध्याकाळी सूज असेल तर पायाच्या शिरा बघाव्या लागतात. टिकलीच्या जागी किंवा केसांच्या रंगानंतर कपाळावर काळं पडत असेल तर दोष त्या वस्तूचा. शेतात काम करणाऱ्यांना चेहरा, मान आणि कोपराच्या घडीत खाज-काळेपणा येत असेल तर गाजर गवताचा विचार आधी. ते १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलं आणि आता बांधाबांधावर आहे. खांद्याच्या एकाच फऱ्याखाली, एकाच बाजूला वर्षानुवर्षं खाज असेल तर कधी कधी मूळ मणक्यातल्या दबलेल्या शिरेत असतं. डागाला खाज नाही पण तिथं टोचलेलं कळत नाही, असं असेल तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी. ती मोफत आहे, आणि औषधंही.

तुम्ही स्वतः रक्तातली साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या एकदा करून घ्या. चाळिशीनंतर खाज वाढायला यांतलं काहीही हातभार लावू शकतं. निदानाबद्दल शंका राहिलीच तर त्वचेचा बारीक तुकडा काढून विशेष रंग देऊन तपासता येतो. बहुतेकांना ती वेळ येत नाही.

डाग जातील का? घासणं खरोखर थांबलं तर तीन ते सहा आठवड्यांत खाज निम्म्यावर येते. खरखर जायला दोन-तीन महिने. रंग फिका व्हायला सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्ष, आणि नडगीवरचा थोडा काळेपणा कायम राहील असं मी आत्ताच सांगून ठेवते. दंड आणि नडग्या उन्हात उघड्या राहू देऊ नका, नाहीतर फिका झालेला रंग परत गडद होतो. रोज आरशात बघू नका, मन खट्टू होतं. दर दोन महिन्यांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा आणि मग तुलना करा. एकवीस दिवसांत पाठ साफ करून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

मुलीबद्दल. काही घराण्यांत ही प्रवृत्ती दिसते हे खरं, पण तिला होईलच असं नाही. चौदा-पंधराव्या वर्षापासून पाठ घासायची सवय लागू न देणं एवढं तुमच्या हातात आहे. तिची घासणीही तुमच्याबरोबरच टाका. आणि ती आत्ता पाठीवरच्या मुरुमांसाठी काही घासून लावत असेल तर काय लावते ते मला कळवा, त्याचं वेगळं सांगेन.